मावशींच्या मुरवलेल्या शिंपल्या

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि तरीही सलग दोन वर्षं आमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दर शुक्रवारी कच्चा खेकडा असायचा. तुकडे केलेला, सोय सॉस, लसूण, लाल मिरची, कोथिंबीर आणि चमचाभर दारूत रात्रभर मुरवलेला, आतला नारिंगी गर वर दिसेल असा मांडलेला. कधी खेकड्याऐवजी शिंपल्या. डबा पिवळ्या झाकणाचा. दार बंद होईपर्यंत मी तो हसऱ्या चेहऱ्याने धरून उभी राहायची, मग श्वास रोखून फ्रिजमध्ये ढकलायची, आणि रविवारी संध्याकाळी मागच्या दाराने जाऊन ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात रिकामा करायची. त्यावर भाज्यांची सालं, त्यावर कापलेलं गवत. सोमवारी सकाळी गाडी सगळं घेऊन गेली की मला मोकळं वाटायचं.

डबा आणणाऱ्या शेजारच्या मावशी. मावशी हे नाव मीच दिलेलं. इथे परदेशात, बॉथेल या गावात, घर घेतलं तेव्हा कुंपणापलीकडे त्या आणि त्यांची मुलगी दोघीच राहत होत्या. मावशींचं वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, उंची माझ्या खांद्यापर्यंत, आणि हात मात्र विहिरीवर पाणी ओढणाऱ्या बाईसारखे. मी त्यांना सरसकट चायनीज समजले होते. इथले लोक आपल्याला सरसकट हिंदी बोलणारे समजतात तेव्हा मी किती फणफणते, हे तेव्हा आठवलं नाही. त्यांच्या मुलीने मला नीट समजावलं: आम्ही तिओच्यू. दक्षिण चीनच्या समुद्रकाठचा एक लहानसा कोपरा आमचा, भाषा आमची वेगळी, बीजिंगच्या माणसाला ती कळत नाही आणि हाँगकाँगच्या माणसालाही कळत नाही. मावशींचे आजोबा पोटापाण्यासाठी तिथून कंबोडियात गेले. मावशी तिथेच जन्मल्या, तिथेच संसार मांडला, आणि तिथूनच एक दिवस जीव मुठीत धरून थायलंडच्या सीमेवरच्या छावणीत पोचल्या. मुलगी छावणीतच जन्मलेली. ती आता इथे डोनटचं दुकान चालवते.

मावशींना इंग्रजीत हॅलो, थँक्यू आणि टू मच एवढंच येत होतं. मला तिओच्यूतले पाच-सहा शब्द आले. जिआ म्हणजे खाणं. चहासुद्धा त्यांच्याकडे पीत नाहीत, खातात. निदान बोलण्यात तरी. दुपारी त्यांच्या मागच्या अंगणात बसलं की त्या एका ट्रेवर लिंबाएवढे तीन कप मांडत. माणसं कितीही असोत, कप तीनच. पाहुण्याने लगेच उचलायचा नाही, शेजारच्याकडे सरकवायचा, त्याने परत सरकवायचा. आपल्याकडच्या 'आधी तुम्ही'सारखाच तो प्रकार, त्यामुळे मला तो चटकन जमला. मावशींनी मुलीला सांगितलं की ही बाई चांगल्या वळणाची आहे, दुसऱ्याला त्रास नको म्हणून स्वतःचं पुढे करत नाही. ऐकून मला फार बरं वाटलं होतं. आता वाटतं, तिथेच सगळं बिघडलं.

पहिला डबा आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात आला. सामानाची खोकी फोडलेली नव्हती, मी घामाघूम होते, आणि दारात या हसऱ्या बाई दोन्ही हातांनी डबा पुढे करून उभ्या. झाकण उघडून पाहिलं आणि लगेच परत लावलं. तेव्हाच हात जोडून सांगायला हवं होतं की आम्ही हे खात नाही. सांगितलं नाही. का, तर पहिलीच ओळख, कशाला तोंड वाकडं करा. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुणेने विचारलं, कसं होतं. मी अंगठा वर केला. पुढे त्यांच्या मुलीकडून 'चवदार' कसं म्हणतात ते विचारून घेतलं. हो-जिआ. म्हणजे त्या भाषेतलं मी शिकलेलं पहिलं वाक्यच खोटं होतं.

त्यातून आपली सवय अशी की भांडं रिकामं परत करायचं नाही. मी त्या डब्यात शंकरपाळे घालून पाठवले. मग नारळाच्या वड्या, मग साबुदाण्याचे वडे. मावशी ते खरोखर खायच्या, अगदी तळाचा चुरासुद्धा बोटाने टिपून. मग त्यांना डबा भरून पाठवावासा वाटे, मग मला. असं ते चक्र सुरू झालं आणि थांबवायचं कुणी, हा प्रश्नच उरला नाही.

अकरा वर्षांच्या माझ्या लेकीला मात्र तो प्रश्न अगदी सोपा वाटायचा. "मॉम, जस्ट टेल हर वुई आर व्हेजिटेरियन," ती दर शुक्रवारी म्हणायची. नवरा म्हणायचा, आता सांगून उलट त्यांचा इन्सल्ट होईल, चालू दे. मला दोघांचाही राग यायचा. ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्ट करते. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि त्या मी जिभेची धार न लपवता दाखवून देते. घरातली ही एवढी ढोबळ चूक मात्र मी मांजरासारखी झाकत बसले होते.

एकदा अगदी गळ्याशी आलं होतं. रात्री रॅकूनने हिरवा डबा पाडला आणि सकाळी ड्राइव्हवेवर खेकड्याचे पाय, कवच, मुरलेली मिरची, सगळं पसरलेलं. सात वाजता मावशी फिरायला निघतात. मी गाउनवरच धावले आणि नुसत्या हातांनी ते सगळं गोळा केलं. शेवटचा तुकडा मुठीत आणि मावशी कोपऱ्यावर. मी मूठ मागे धरून हात हलवला. त्या थांबल्या, जमिनीवरच्या ओल्या काळ्या डागाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढे गेल्या. दिवसभर माझ्या हाताला लसणाचा वास येत होता आणि काहीतरी वाईट होणार असं वाटत राहिलं. वाईट म्हणजे फार तर माझी फजिती, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग यंदाच्या उन्हाळ्यात सासूसासरे नागपूरहून यायचे ठरले. मावशींना कळलं आणि त्यांना कोण आनंद झाला. घरातली मोठी माणसं येणार म्हणजे दुकानातला खेकडा चालणार नाही, ताज्या शिंपल्या हव्यात, हाताने काढलेल्या. त्या आणि त्यांची मुलगी वर्षातून दोन-चारदा ओहोटी बघून साउंडच्या, म्हणजे इथल्या समुद्राच्या खाडीच्या, काठी शिंपल्या काढायला जायच्या. रीतसर परवाना होता. नेमकी त्या आठवड्यात मुलगी एका लग्नासाठी कॅलिफोर्नियाला निघाली होती. तिने मला विचारलं, आईला नेशील का. आणि नेण्याआधी राज्याच्या आरोग्य खात्याचा नकाशा बघ, असंही बजावलं. पाण्यात कधीकधी विषारी शेवाळ वाढतं, मग शिंपल्यांत विष साठतं. शिंपली दिसायला ताजीच असते, वासही चांगला येतो, आणि शिजवून किंवा मुरवून ते विष जात नाही. आईला इंग्रजी वाचता येत नाही, तेव्हा किनाऱ्यावरचा बोर्डही तूच वाच.

मी नकाशा बुधवारी संध्याकाळी पाहिला. तो किनारा हिरवा, म्हणजे सुरक्षित, होता. जायचं गुरुवारी दुपारी होतं. सकाळी पुन्हा पाहायला दोन मिनिटंही लागली नसती. ती मी दिली नाहीत. जे आपल्या तोंडात जाणारच नाही, त्याची काळजी माणूस कितपत घेतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पार्किंगमध्ये आमची एकच गाडी होती. लख्ख ऊन, पाणी लांबवर ओसरलेलं, आणि माणूस एकही नाही. मला वाटलं, बरं झालं, गर्दी नाही. मावशी बूट घालून, बादली आणि लहान दाताळं घेऊन लाकडी पायऱ्या उतरून गेल्या. मी गाडीतच बसले, कारण ऑफिसचा कॉल होता, आणि कारण तो चिखलाचा वास मला सहन होत नाही. बोर्ड पायऱ्यांच्या तोंडाशी होता. गाडी बाजूला लावली होती, तिथून मला त्याची मागची कोरी बाजू दिसत होती. कॉलवर मी कुणालातरी रिलीजच्या आधी नीट तपासलं का नाही म्हणून झापत होते. खाली रिकाम्या वाळूवर ओणवी एक लहानशी आकृती खणत होती आणि मधूनच वर बघून मला हात करत होती. मीही करत होते.

शुक्रवारी सकाळी डबा आला. नेहमीच्या दुप्पट, काठोकाठ. मावशींनी बोटांनी दाखवलं: तुमच्यासाठी चाळीस, माझ्यासाठी दहा-बारा. सासूसासरे दुसऱ्या दिवशी येणार होते, आणि सासूबाईंनी फ्रिज उघडल्यावर काय होईल या धास्तीने मी रविवारची वाट न बघता तो डबा तेव्हाच हिरव्या डब्यात ओतला.

दीडच्या सुमाराला बेल वाजली. दारात मावशी. एका हाताने त्या स्वतःचे ओठ चोळत होत्या, दुसऱ्या हाताने चौकट धरली होती. ओठ जागेवर आहेत की नाहीत हे चाचपून बघावं तसं त्या करत होत्या. बोलायला गेल्या तर शब्द जड येत होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग आत स्वयंपाकघराकडे, आणि जिआ, जिआ असं काहीतरी म्हणाल्या. माझी पाचावर धारण बसली. मी ९११ ला फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माझ्या सोफ्यावर बसल्या होत्या आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर दोन दिवस वळ राहिला.

हॉस्पिटलमध्ये मी डॉक्टरांना शिंपल्यांचं सांगितलं. त्यांनी किनारा विचारला, स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाले, तो गुरुवारी सकाळपासून बंद आहे, बोर्ड नव्हता का? मी म्हटलं, बघितला नाही. या विषावर उतारा नाही, श्वास बंद पडू न देता शरीराने ते बाहेर टाकेपर्यंत सांभाळायचं, एवढंच करता येतं, असं त्यांनी मला सांगितलं. पण मावशी मास्क लावू देईनात. लावला की ओढून काढत. उठायला बघत. माझ्याकडे बोट करत आणि नर्सला ढकलून माझ्याकडे पाठवू बघत. दुभाष्याचा टॅबलेट आणला. मँडरिन होती, कँटोनीज होती, तिओच्यू नव्हती. ख्मेर, म्हणजे कंबोडियाची भाषा, मावशींना येत होती, पण मुलगी सांगायची की त्या छावणीनंतर त्यांनी ती तोंडातून काढलेली नाही. स्क्रीनवरचा ख्मेर बोलणारा माणूस दोनदा काही विचारून गप्प झाला. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. मी त्यांच्या मुलीला फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला.

आईचा आवाज ऐकून ती आधी रडली. मग नीट ऐकलं आणि मला म्हणाली, "ती म्हणतेय, मला सोडा, आधी हिला बघा. हिच्या मुलीला शाळेतून आणा. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त खाल्लंय."

"आम्ही खाल्लं नाही," मी म्हटलं.

तिने ते सांगितलं. मावशींनी मान हलवली आणि पुन्हा मास्क ओढला. मुलगी म्हणाली, तिचा विश्वास बसत नाही, ती म्हणते तू नेहमीच असं करतेस, दुसऱ्याला त्रास नको म्हणून स्वतःचं सांगत नाहीस.

नर्स माझ्याकडे बघत होती. मावशींचा श्वास आता तोंडाने, तुकड्यातुकड्यांत चालला होता, आणि त्यातला प्रत्येक तुकडा माझ्या जिवासाठी भांडण्यात जात होता. मला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की सांगता येत नाही.

"तिला सांग, आजच नाही, कधीच नाही," मी म्हटलं. "दोन वर्षांत एकदाही नाही. आम्ही मांसमच्छी खात नाही. प्रत्येक डबा मी कचऱ्यात टाकला."

मग तिने विचारलं, "प्रत्येक?"

"प्रत्येक."

तिने आईला सांगितलं. मी बोलले त्यापेक्षा तिला जास्त वेळ लागला. मावशी माझं मनगट पुन्हा घट्ट धरून माझ्याकडे बघत होत्या. बघता बघता त्यांचा चेहरा सैल पडला, खांदे उशीवर टेकले, आणि त्यांनी माझं मनगट सोडलं. मास्क लावू दिला. ज्या गोष्टीने त्यांना केवढं दुखवेन म्हणून मी दोन वर्षं भीत होते, ती ऐकून त्यांना आधी सुटल्यासारखं झालं. अर्ध्या तासाने श्वासासाठी घशात नळी घालावी लागली, पण तोवर त्या भांडत नव्हत्या.

त्या वाचल्या. दोन दिवस मशीनवर, मग आठवडाभर वॉर्डात. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तिला गाठलं आणि बोर्डाचं सगळं सांगून टाकलं, नकाशाचं, कॉलचं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "बोर्ड कुणाच्याही नजरेतून सुटू शकतो. पण तू टाकत राहिलीस. दोन वर्षं." मग तिने मला जे आधी कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तिला एक भाऊ आणि एक बहीण होती. कंबोडियात ज्या खुनी राजवटीतून आई पळाली, तिच्यात दोघंही उपासमारीने गेली, एकामागून एक, आईच्या मांडीवर. मरायच्या आधी भाऊ कितीतरी दिवस एकच गोष्ट मागत होता, मीठ लावलेला खेकडा. हे सांगून ती लिफ्टकडे गेली. मी गाडीत बसून हमसून हमसून रडले, आणि रडून झाल्यावरही हलकं वाटलं नाही.

सासूसासरे आले, राहिले, नायगारा बघून परत गेले. त्यांना यातलं काही कळलं नाही. पलीकडच्या अंगणात ट्रे दिसेना. शुक्रवार आला की दुपारी मी खिडकीजवळ घुटमळायची आणि नुसती शांतता ऐकून परत कामाला बसायची. लेक म्हणाली, शी हेट्स यू नाऊ.

पाचव्या शुक्रवारी बेल वाजली. मावशी होत्या, काठी टेकत आलेल्या, आणि मागे त्यांची मुलगी पातेलं घेऊन. पातेल्यात पेज. ही तिओच्यू लोकांची रोजची पेज, पाणी वेगळं आणि शीत वेगळं दिसेल अशी, सोबत खारवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली की यात मासा नाही, खेकडा नाही, काही नाही, आईने तीन-तीनदा विचारून घेतलंय. पातेलं ठेवून ती निघून गेली.

मावशी गेल्या नाहीत. त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरातून वाडगा काढला, पेज वाढली, मला खुर्चीवर बसवलं आणि समोर बसल्या. मी एक चमचा तोंडात घेतला आणि सवयीने हो-जिआ म्हणायला गेले. त्यांनी बोट वर करून मला थांबवलं. मग त्या माझ्या गळ्याकडे बघू लागल्या. घास खाली उतरताना दिसला, तेव्हा त्यांनी पुढच्या चमच्यासाठी मान हलवली.

आता दर शुक्रवारी त्या येतात. मी कॉलवर असले तर थांबतात. आम्ही बोलत नाही, त्या चव विचारत नाहीत. गेल्या आठवड्यात मला ताप होता, घास उतरत नव्हता, मी वाडगा बाजूला सारला. मावशींनी तो हळूच परत माझ्यापुढे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. बाहेर अंधारून आलं, पेज थंडगार झाली, आणि मी शेवटचं शीत गिळेपर्यंत त्यांनी माझ्या गळ्यावरची नजर काढली नाही.